मऊ लागलेला बार

बोइंगच्या ७८७ विमानांतील टायटॅनियमचे काही भाग ठरलेल्यापेक्षा कमी ताकदीच्या धातूचे निघाल्याची बातमी ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, तेव्हा मला चिंचोली एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमधली एक दुपार आठवली. लेथवरचा टर्नर मला म्हणाला, "साहेब, ह्यो बार मऊ लागतोय." आम्ही ईएन २४ या जास्त ताकदीच्या मिश्र पोलादाच्या बारपासून, म्हणजे दांड्यापासून, पिना करत होतो. तयार झालेल्या पिना मायक्रोमीटरवर अगदी मापात होत्या आणि चकाकीतही काही कमी नव्हते. पण एक पीन ग्राइंडरला लावली, तर ठिणग्या वेगळ्याच पडल्या. बार ईएन ८ चा, म्हणजे साध्या, कमी ताकदीच्या पोलादाचा होता. पोलादाची जात ओळखण्यासाठी रंग लावलेल्या टोकाकडूनच कोणीतरी तो आधी कापला होता आणि उरलेला तुकडा दुसऱ्या रॅकवर गेला होता. त्या दिवशीच्या सगळ्या पिना आम्ही भंगारात काढल्या.

टायटॅनियमची गोष्ट याहून अवघड आहे. शुद्ध टायटॅनियम आणि त्यात सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेला मिश्रधातू दिसायला सारखेच. घनताही जवळजवळ तेवढीच, घन सेंटिमीटरला ४.५१ आणि ४.४३ ग्रॅम. ताकदीत मात्र मिश्रधातू शुद्ध धातूच्या नेहमीच्या प्रतींहून दुप्पट-तिप्पट भरतो. सुदैवाने मिश्रधातूतून वीज बरीच कमी वाहते, त्यामुळे धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण करून तपासणारा एडी करंटचा प्रोब टेकवला की भाग न कापताही फरक कळतो.

चुकीच्या धातूच्या अशा भागाबद्दल "इतकी वर्षे टिकला आहे ना, मग कशाला बदलायचा?" असे मला अनेकांनी विचारले आहे. प्रत्येक उड्डाणात वर चढताना केबिनमधल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक वाढतो आणि उतरताना कमी होतो. हा ताण हजारो वेळा सोसताना धातू थकतो, आणि तडा केव्हा जाऊ शकेल व तपासणी किती उड्डाणांनी करायची याचा सगळा हिशेब ठरलेल्या धातूवर बेतलेला असतो. धातूच बदलला, तर तो हिशेब त्या भागाला लागूच होत नाही. म्हणून शाबूत दिसणारा भागही काढावा लागतो, आणि मला ते पूर्णपणे पटते.

आमच्याकडे आता बार कापण्यापूर्वी हीट नंबर, म्हणजे धातू कोणत्या वितळणीतला आहे हे सांगणारा क्रमांक, उरणाऱ्या तुकड्यावर पंच होतो, आणि रंगाचे टोक सर्वांत शेवटी कापले जाते.