टाकळा: पान कोवळं हवं आणि जागा चांगली हवी

जूनचे पहिले दोन-तीन जोरदार पाऊस पडले की ठाणे स्टेशनबाहेर, जांभळी नाक्यावर, पनवेलच्या बाजारात टाकळ्याच्या जुड्या दिसू लागतात. मुरबाड, शहापूर, कर्जत भागातल्या आदिवासी बायका त्या घेऊन बसतात. शिवाय घोडबंदरपासून खारघरपर्यंत एकही मोकळा प्लॉट असा नसतो जिथे टाकळा उगवत नाही. उग्र वासामुळे गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे चरून उघड्या पडलेल्या जमिनीवरही तो माजतो. इतकी सहज मिळणारी, इतकी चांगली भाजी शहरातली बरीच माणसं तण म्हणून तुडवून पुढे जातात, आणि जी खातात त्यातली अनेक जण एकदाच खाऊन ‘कडू लागते, वास येतो’ म्हणून सोडून देतात. टाकळा बिघडतो तो बहुतेक वेळा दोन गोष्टींमुळे: पान जून असतं किंवा जागा वाईट असते.

आधी ओळख पक्की करावी. मेथीला तीन पानं, भुईमुगाला चार, टाकळ्याला एका देठावर तीन जोड्या, म्हणजे सहा. टोकाची जोडी सगळ्यांत मोठी, खालची लहान. प्रत्येक पान टोकाकडे रुंद आणि गोलसर, देठाकडे निमुळतं. खालच्या जोड्यांच्या बेचक्यात देठावर काडीच्या टोकाएवढी पिवळट-नारिंगी ग्रंथी उभी असते, ती डोळ्यांजवळ धरूनच दिसते. पान चुरगळलं की उग्र वास येतो. फुलं पिवळी, पाच पाकळ्यांची, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात. शेंगा बारीक, लांब, किंचित वाकलेल्या.

संध्याकाळ झाली की टाकळ्याची पानं मिटतात, समोरासमोरची पानं एकमेकांना चिकटल्यासारखी होतात. ऑफिसातून येताना सातनंतर जुडी घेतली की ती कोमेजलेली वाटते आणि आपण दुसरीकडे वळतो. तसं करू नये. ताजेपणा देठावरून बघावा. शेंडा वाकवला आणि कटकन मोडला तर भाजी ताजी. नुसता लवला आणि सालीचा धागा निघाला तर शिळी किंवा जून.

टाकळ्याच्या शेजारीच कासविंदा उगवतो, काही भागांत त्यालाच रानटाकळा म्हणतात. त्याला चार-पाच जोड्या असतात आणि पानं टोकदार असतात. ग्रंथी देठाच्या अगदी बुडाशी असते, शेंगा चपट्या असतात. हा फरक घरातल्या मुलांनाही दाखवून ठेवावा, कारण कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दर हिवाळ्याच्या तोंडावर अचानक आजारी पडून दगावत होती. बरीच वर्षं तो मेंदूज्वर समजला गेला. पुढे लक्षात आलं की मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा खात होती आणि यकृत, स्नायू व मेंदू तिन्हींवर परिणाम होत होता. पावसाळ्यात भाजी खुडताना शेंगा नसतात, म्हणून पानाचं टोक आणि जोड्यांची संख्या हीच खूण. एका झाडाबद्दलही शंका आली तर ते सोडून द्यावं.

खुडायचं वय म्हणजे रोप वीतभर होईपर्यंत. तेव्हा वरची सगळी पानं कोवळ्या शेंड्यासकट चालतात. गुडघ्याएवढं झाल्यावर फक्त वरची दोन-तीन पानं घ्यावीत. कळ्या दिसल्या की भाजी थांबवावी. पान चरबरीत होतं, कडवटपणा आणि वास दोन्ही वाढतात, कितीही शिजवलं तरी चोथा राहतो. जुलैच्या शेवटी स्वस्त मिळाला म्हणून मोठमोठ्या पानांचा गठ्ठा घेण्यात काही अर्थ नाही.

आता जागा. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कित्येक वर्षं कारखाने चाललेत. तिथल्या प्लॉटवर, नाल्याच्या काठावर टाकळा कितीही टवटवीत दिसला तरी खुडू नये. मुळांनी मातीतून ओढलेले शिसे-कॅडमियमसारखे धातू पानात बसलेले असू शकतात, ते मिठाच्या पाण्याने जात नाहीत. धुण्याने फक्त वरची धूळ आणि चिखल जातो. हायवेची कड, रेल्वे रुळांलगतची पट्टी, राडारोडा टाकून भरलेली जमीन, सोसायटीचा तणनाशक फवारलेला कोपरा, कुत्रे फिरवायची जागा हेही वर्ज्य. येऊरच्या जंगलात माती चांगली आहे, पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र आहे आणि तिथून वनस्पती काढायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. शहरात राहणाऱ्याने रानभाजी ओळखीच्या विकणारीकडून घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. ‘कुठून आणलीस मावशी?’ असं विचारावं. ज्यांनी स्वतः खुडलेली असते त्या पाड्याचं नाव लगेच सांगतात. शिवाय ते पैसे त्यांच्या घरात जातात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर शेतीत हाताला दुसरं उत्पन्न नसताना त्यांना त्याची गरज असते.

फायद्यांबद्दल फार वाढवून बोललं जातं, म्हणून नेमकं सांगायचं तर टाकळ्यात लोह, कॅल्शियम, बीटा कॅरोटीन आणि तंतुमय भाग चांगला असतो. पण पालेभाजीतलं लोह शरीर कमीच शोषून घेतं. ताटात लिंबाची फोड पिळली तर जास्त लागू पडतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. बीटा कॅरोटीनला तेल लागतं, त्यामुळे तेलाशिवाय उकडून खाण्यात फायदा निम्माच. दुसरं म्हणजे टाकळ्यात अँथ्राक्विनोन गटातली द्रव्यं असतात. सोनामुखी पोट साफ करते ती याच गटामुळे, आणि टाकळा सोनामुखीचा जवळचा नातलग आहे. म्हणून बद्धकोष्ठाचा त्रास असणाऱ्याला ही भाजी बरी वाटते, आणि पहिल्यांदाच भरपूर खाणाऱ्याला जुलाब होतात. पहिल्या वेळी अर्धी वाटी पुरे, आणि आठवड्यातून एक-दोनदाच. गरोदरपणात टाळावी, पोट आधीच बिघडलेलं असताना खाऊ नये. मूतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही हिरवी पालेभाजी अचानक वाढवू नये.

आयुर्वेदात टाकळा म्हणजे चक्रमर्द. त्याचं बी ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर लावतात. बियांतल्या क्रायसोफॅनॉलसारख्या घटकांत बुरशीला आवर घालायचा गुण आहे, पण लेप कातडीला झोंबतो आणि काहींना आग होऊन फोड येतात. आपल्याकडे पावसाळ्यात गजकर्ण जांघेत, काखेत झपाट्याने पसरतं. तिथे घरगुती लेपावर आठवडे घालवू नयेत आणि मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलमही स्वतःहून आणू नये. भाजी खाल्ल्याने गजकर्ण जातं हे मात्र कुणी सांगितलं तरी मानू नये.

भाजीसाठी, चार माणसांना दोन मोठ्या जुड्या, म्हणजे निवडून सुमारे ३०० ग्रॅम पाला. निवडताना पानं एकेक उलटी करून बघावीत. पिवळी फुलपाखरं टाकळ्यावर अंडी घालतात, आणि त्यांची हिरवी अळी मधल्या शिरेला लागून अशी पडून असते की पानाचाच भाग वाटते. पाला मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात सोडावा, दोन मिनिटं थांबून वरच्यावर उचलून घ्यावा. पाणी ओतून दिलं तर तळाचा चिखल परत पाल्यावर बसतो. असं तीनदा करावं, आणि चिरायचा तो धुतल्यावरच.

पाव वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवावी. फणसाच्या आठळ्या मिळाल्या तर आठ-दहा उकडून, सोलून, तुकडे करून घ्याव्यात, टाकळ्याच्या कडवटपणाला त्यांचा पिठूळ गोडवा फार छान जुळतो. कढईत दोन मोठे चमचे तेल तापवून आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून घालाव्यात. कडा तांबूस झाल्या की चार हिरव्या मिरच्या आणि दोन कांदे बारीक चिरून घालावेत. कांदा मऊ झाला की डाळ घालून दोन मिनिटं परतावी, मग पाला घालावा. पहिली पाच मिनिटं झाकण अजिबात ठेवू नये. उग्र वास याच वेळी वाफेबरोबर निघून जातो. सुरुवातीलाच झाकलं तर तो आतच कोंडतो आणि भाजी काळपट पडते. पाला बसून एक चतुर्थांश झाला की मीठ घालावं, आधी अंदाजाने घातलेलं हमखास जास्त होतं. मग आठळ्या घालून, पाण्याचा हबका मारून, झाकून आठ-दहा मिनिटं मंद आचेवर ठेवावी. डाळ बोटाने दाबून फुटली की मूठभर ओलं खोबरं घालून गॅस बंद. तांदळाच्या भाकरीबरोबर उत्तम. पाला उकळून पाणी फेकायची पद्धत काही घरांत आहे. कडवटपणा नक्की कमी होतो, पण त्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्वही जातं. पाला कोवळा असेल तर त्याची गरजच पडत नाही.

नोव्हेंबरात शेंगा वाळतात आणि आत तपकिरी, चकचकीत, तिरकस कापल्यासारख्या बिया मिळतात. त्या भाजून, दळून कॉफीसारखं पेय करतात. ते अधूनमधून एखादा कप ठीक आहे. पण या बिया जपून ठेवण्याचं खरं कारण म्हणजे कुंडी. नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये स्वच्छ मातीतला टाकळा हवा असेल तर बाल्कनीतच लावावा. बीचं कवच फार कडक असतं, तसंच पेरलं तर काही बिया वर्षभर उगवत नाहीत. एका बाजूने सॅंडपेपरवर चार-पाच वेळा घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवावं. फुगलेल्या बियाच पेराव्यात, अर्धा इंच खोल, दहा इंची कुंडीत वीसेक. मेअखेरीस पेरल्या तर जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून शेंडे खुडता येतात. खुडल्यावर बाजूने फुटवे येतात, त्यामुळे एका कुंडीतून तीन-चार तोडे निघतात. एक झाड बियांसाठी ठेवून बाकीची कळी आली की उपटून टाकावीत, नाहीतर शेंगा तडकून शेजारच्या सगळ्या कुंड्यांत टाकळा होतो.