आमची वाटचाल : दमट हवेतला कुरकुरीत चिवडा

जुलै महिन्यात गुहागरला चिवडा बशीत काढून ठेवला आणि मागोमाग चहा टाकला, तर चहा गाळेपर्यंत चिवडा सादळायला लागलेला असतो. समुद्र हाकेच्या अंतरावर, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि चार महिने धो धो पाऊस. अशा गावात आम्ही चिवड्याचा गृहउद्योग काढला, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, ‘अगो, आंब्याचं काहीतरी कर. चिवडा कुठला टिकतोय इथे!’

आंब्याचं करणारी घरं गावात पुष्कळ होती. आमच्या घरात चिवडा होता, कारण सासऱ्यांना हृदयाचा त्रास निघाला आणि डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं. संध्याकाळी चार वाजता त्यांना चहाबरोबर काहीतरी तिखटमिठाचं लागायचंच. सासूबाई मग पातळ पोहे भाजून वीस मिनिटांत चिवडा करायच्या. मे महिन्यात आणि गणपतीला येणारे चाकरमानी नातेवाईक तो खायचे आणि परत जाताना डबा भरून मागायचे. २०१४च्या दिवाळीत त्यांतल्याच एकांनी पैसे देऊन चार किलोची ऑर्डर दिली. आमचा धंदा सुरू झाला तो दिवस हाच.

कृती आम्ही कधीच लपवली नाही. घरी करायचा तर पाव किलो पातळ पोहे घ्या. चाळून ऊन दाखवा, ऊन नसेल तर थेट जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दोन-तीन भागांत भाजा. सासूबाईंची परीक्षा एकच: ‘पोहा बोटांत धरून मोड. वाकला तर कच्चा, कट्‌कन तुटला तर झाला.’ शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप वेगवेगळे कोरडेच भाजायचे, म्हणजे ते तेल पीत नाहीत. तेल तीन मोठे चमचे, फार तर चार. मोहरी तडतडली की हिंग, मिरचीचे तुकडे आणि कढीपत्ता. इथे घाई केली की चिवडा बिघडलाच. मिरची पांढुरकी होऊन कडक व्हायला हवी आणि कढीपत्ता चुरला तर वाळक्या पानासारखा वाजायला हवा. त्यात पाणी राहिलं तर तेच पाणी डब्यात पोह्यांना मऊ करतं. मग डाळं घालून गॅस बंद करायचा आणि हळद त्यानंतर घालायची, नाहीतर ती जळून कडवट होते. शेवटी पोहे, शेंगदाणे, खोबरं, बारीक मीठ, थोडी पिठीसाखर. हलक्या हाताने खालीवर करायचं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याला झाकण लावू नका, वाफ आत कोंडते.

तळलेल्या चिवड्यापेक्षा यात तेल कितीतरी कमी असतं, म्हणून लोक ‘पौष्टिक’ म्हणून घेतात. पण पोहे म्हणजे शेवटी तांदूळच. मधुमेह असलेल्या गिऱ्हाइकाला आम्ही मूठभरच खा असं आवर्जून सांगतो.

पहिल्या पावसाळ्यात आम्ही चांगलेच आपटलो. साध्या प्लास्टिकच्या पिशव्या मेणबत्तीवर चिकटवून बारा किलो माल मुंबईला पाठवला आणि आठवड्यात फोन सुरू झाले. चिवडा चिवट झाला होता, खोबरं खवट लागत होतं. सगळ्यांचे पैसे परत केले. त्यानंतर दोन महिने विक्री बंद ठेवून नुसते प्रयोग केले. पातळ पिशवीतून दमट हवा आत शिरते, मीठ आणि साखर ती ओढून घेतात, हे तेव्हा कळलं. जाड लॅमिनेटेड पाऊच आणले, सीलिंगचं यंत्र घेतलं, पावसाळ्यात साखर निम्मी केली आणि त्या चार महिन्यांत खोबरं पूर्ण वगळलं. आजही वगळतो. गिऱ्हाईक विचारतं, आम्ही कारण सांगतो.

२०१६मध्ये अन्न सुरक्षेची नोंदणी केली. चौदा आकड्यांचा तो क्रमांक पहिल्यांदा पाकिटावर छापून आला, तेव्हा सासूबाईंनी ते पाकीट देवापुढे ठेवलं. पुढे एका मोठ्या दुकानदाराने महिन्याला शंभर किलोची मागणी ठेवली, पण अट अशी की पोहे तळून द्या, रंग टाका, म्हणजे माल उठून दिसेल. आम्ही नाही म्हटलं. त्या वर्षी घरात पैशाची ओढाताण होती, नकार सोपा नव्हता. पण ज्या माणसासाठी हा चिवडा सुरू झाला, ते समोरच आरामखुर्चीत बसलेले होते.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. आमचा माल ठेवणाऱ्या तीन दुकानांत छातीच्या वर पाणी होतं. आमचं नुकसान काही हजारांचं, त्यांचं तर सगळंच गेलं. त्यांच्याकडे येणं असलेले पैसे आम्ही मागितले नाहीत. तिघांनीही दिवाळीपर्यंत आपणहून दिले.

नाचणीचा चिवडा २०२२चा. नाचणी आमच्याकडे डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पूर्वीपासून होते आणि १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. पण तिचे पोहे तांदळाच्या पोह्यांसारखे पांढऱ्याचे पिवळसर होत नाहीत, त्यामुळे भाजल्याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. इथे नाकावर विसंबावं लागतं. खमंग वास आला की लगेच उतरवायचे, अर्धा मिनिट उशीर झाला तरी करपट लागतात. आंबटपणासाठी लिंबूसत्त्व न घालता आम्ही बिनमिठाची आमसुलं मे महिन्याच्या उन्हात कडक वाळवून त्यांची पूड घालतो. तिच्या पावसात गुठळ्या होतात, म्हणून ती मे ते गणपतीपर्यंत छोट्या बरण्यांत, एका घाण्याला एक बरणी अशी भरून ठेवतो.

आज आम्ही पाच जणी आहोत. पोहे पेणहून येतात, कढीपत्ता वाडीतला. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत, कढईपाशी उभं राहवत नाही. पण प्रत्येक घाण्यातला एक पोहा त्यांच्या हातावर ठेवतो. त्या तो कानाशी धरून मोडतात, आणि आवाज आला की मगच आम्ही फोडणीला तेल ठेवतो.