कुंगूरची गुहा, लुईज आणि तिच्या मावश्या

गुहेत शिरलं की माणसाला आकार दिसायला लागतात. आपल्याकडे जिथे तिथे पिंडी दिसते, रशियात मगर दिसते. हे कासव, ती मगर, तो कोपऱ्यात झोपलेला म्हातारा. गाईड विजेरीचा झोत टाकतो, घोळका "आ-हा" करतो आणि पुढे सरकतो. मला या प्रकाराचा मनापासून कंटाळा आहे. दगडाला दगड म्हणून बघू द्या की!

तरीही कुंगूरला गेले, कारण भाची पर्मला डॉक्टरकी शिकते आणि "मावशी, इथवर येऊन गुहा न बघता गेलीस तर मी बोलणार नाही" असा दम तिने आधीच भरला होता. मॉस्कोबद्दल सगळे लिहितात, मी लिहीत नाही. लाल चौकात फोटो काढले, नाक गोठलं, संपलं.

पर्म उरल पर्वताच्या अलीकडे. तिथून कुंगूर साधारण १०० किलोमीटर, लोकल गाडीने. फेब्रुवारी महिना, बाहेर उणे वीसच्या आसपास, आणि डब्यात मात्र हीटर असे सोडलेले की मी एकेक थर सोलत बसले. समोरच्या आजीबाई माझ्याकडे बघून हसत होत्या. उतरायच्या आधी सगळं पुन्हा चढवायचं. रशियातल्या हिवाळ्यात माणूस निम्मा वेळ कपडेच घालत-काढत असतो, हे कुठल्याही प्रवासी पुस्तिकेत लिहिलेलं नसतं.

गुहा सिल्वा नदीकाठच्या एका डोंगराच्या पोटात आहे. डोंगराचं नावच लेद्यानाया गोरा, बर्फाचा डोंगर. लांबी साधारण ५.७ किलोमीटर, त्यातला दीडेक किलोमीटर तुम्हाआम्हाला खुला. १७०३ साली सेम्योन रेमेझोव्ह या सायबेरियाच्या नकाशाकाराने हिचा आराखडा काढला होता. हा डोंगर चुनखडीचा नाही, जिप्सम आणि अ‍ॅनहायड्राइटचा आहे. जिप्सम पाण्यात चुनखडीपेक्षा कितीतरी पटीने लवकर विरघळतं. त्यामुळे इथे चुन्याच्या झुंबरांची अपेक्षा ठेवू नका. इथे छत कोसळतं, दालनं रुंदावतात, डोंगरावर खड्डे पडत जातात. जे काही लटकतं ते बर्फाचं.

आणि बर्फ मात्र, बाई गं! पहिल्या दोन दालनांची नावं ब्रिलियंट आणि पोलार. भिंतीवर, छतावर बर्फाचे स्फटिक, पानं पानं जुळवल्यासारखे, काही ठिकाणी दोऱ्याला धरलेल्या खडीसाखरेसारखे लोंबणारे. जमिनीतून वर आलेले बर्फाचे खांब. इथे थंडीही बाहेरच्यासारखीच. कारण मोठं गमतीचं आहे. डोंगरात वरपर्यंत गेलेली उभी भुयारं आहेत, चिमणीसारखं काम करणारी. हिवाळ्यात आतली पाच अंशांची हवा बाहेरच्यापेक्षा हलकी, ती वर निघून जाते आणि खालच्या तोंडातून जड, गोठलेली हवा आत ओढली जाते. आतली ओलसर वाफ त्या थंड भिंतींना लागली की स्फटिक होऊन बसते. उन्हाळ्यात वारा उलटा वाहतो. म्हणून यायचं तर हिवाळ्याच्या शेवटी या, उन्हाळ्यात अर्धी शोभा जाते.

एवढं डोळे भरून बघावं तर कुठलं काय! जांभळे, हिरवे दिवे लागले, संगीत सुरू झालं. बर्फावर लेझरने चित्रं काढण्याची कल्पना ज्याला सुचली त्याला एक रात्र तिथेच बसवायला हवं. मागून पुढचा घोळका येत होता, आमच्या गाईडबाईंचं लक्ष घड्याळावर. "चला, चला" हे रशियनमधलं मला एव्हाना पाठ झालं होतं.

आत गेलं की थंडी ओसरते आणि नावांचा मारा सुरू होतो. दान्ते. कोलोसियम. पोम्पेईचे अवशेष. उरलमधल्या डोंगराच्या पोटात इटली भरून ठेवलेली. मी भाचीला म्हटलं, "भाषांतर बंद कर, थकशील."

एके ठिकाणी मात्र घोळक्यातल्या बायकांमध्ये अचानक चैतन्य आलं. जागेचं नाव दामस्काया स्ल्योज्का, म्हणजे बाईसाहेबांचा अश्रू. गाईडबाईही पहिल्यांदाच हसल्या. गोष्ट अशी: १९१४च्या जुलैमध्ये बाटेनबर्गची राजकन्या व्हिक्टोरिया आपली मुलगी लुईज हिला घेऊन गुहा बघायला आली. लुईज इथे अडखळली, म्हणे. पुढे तिचं लग्न स्वीडनच्या राजपुत्राशी झालं आणि ती राणी झाली. तेव्हापासून जी मुलगी इथे अडखळेल तिला परदेशी राजपुत्र मिळणार.

झालं. एकेक जण ठरवून अडखळायला लागली. साठीच्या एक बाई दोनदा अडखळल्या, मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. भाचीही अडखळली. मला आग्रह झाला, मी म्हटलं एक नवरा पुरे आहे, तो घरी पुण्यात भात लावतोय.

पण ती गोष्ट डोक्यातून जाईना. लुईज बाटेनबर्ग? ही तर आपल्या माउंटबॅटनची सख्खी थोरली बहीण! १९१७मध्ये इंग्लंडमध्ये जर्मन नावाची अडचण व्हायला लागली तेव्हा याच बाटेनबर्ग घराण्याने माउंटबॅटन हे नाव घेतलं. दिल्लीला शेवटचे व्हाइसरॉय म्हणून आले त्यांची ताई, ती इथे दगडाला ठेचकाळली होती. लग्न १९२३ साली, राणीपद १९५० साली. इथवर गाईडबाईंची गोष्ट खरीच.

मात्र त्या थांबल्या ते बरोबर सोयीच्या जागी. त्या जुलैत मायलेकी उरलकडे आल्या त्या व्हिक्टोरियाच्या बहिणींमुळे. एक बहीण झारची बायको अलेक्झांड्रा. दुसरी एलिझाबेथ, जिचा नवरा १९०५मध्ये बॉम्बने मारला गेला आणि जिने पुढे मॉस्कोत मठ काढून जोगिणीसारखं आयुष्य घेतलं. म्हणजे लुईजच्या दोघी सख्ख्या मावश्या. महायुद्ध सुरू झालं आणि मायलेकी घाईघाईने इंग्लंडला परतल्या. चार वर्षांनी, १९१८च्या जुलैमध्येच, झारचं सगळं कुटुंब येकातेरिनबर्गच्या एका घराच्या तळघरात गोळ्या घालून संपवलं. दुसऱ्याच रात्री अलापायेव्स्कला एलिझाबेथला खाणीच्या खोल विवरात ढकलून दिलं. येकातेरिनबर्ग म्हणजे आम्ही ज्या रेल्वेमार्गावरून आलो त्याच मार्गावरचं पुढचं मोठं शहर. या उरलमध्येच सगळं.

राजेरजवाड्यांबद्दल मला फार उमाळा नाही. झारच्या राज्यात काय चालत असे तेही वाचलेलं आहे. पण एका मावशीला जमिनीत ढकलून मारलेलं आणि तिच्याच भाचीच्या नावाने, जमिनीखालीच, बायका राजपुत्र मागत अडखळतायत, हे मला काही केल्या हसण्यावारी नेता येईना. गाईडबाईंना विचारावं म्हणून भाचीला कोपरखळी मारली. तिने विचारलं. बाई म्हणाल्या, "हो, ते आहेच," आणि विजेरी पुढे वळवली. कासव दाखवायचं होतं.

मोठ्या तळ्यापाशी मी मुद्दाम मागे रेंगाळले. पाणी इतकं नितळ की काठ कुठे संपतो कळत नाही. या तळ्यांमध्ये एक आंधळा, बारीक, झिंग्याच्या जातीचा जीव राहतो. त्याला नाव दिलंय ख्लेबनिकोव्हचं, ज्याने १९१४मध्येच इथे लोकांना हिंडवून दाखवायला सुरुवात केली. जीव दिसला नाही. तेवढा वेळच दिला नाही.

बाहेर दुकानात सेलेनाइटची अस्वलं, घुबडं, अंडी. दगड सुंदर, गुळगुळीत, मधाच्या रंगाचा. कोरीव काम सगळं एकाच साच्यातलं. भाचीने घुबड घेतलं. मी तिथेही मावश्यांचंच पुराण लावलेलं. शेवटी ती वैतागली, "मावशी, शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या मावश्यांचं काय घेऊन बसलीस गं, गाडी चुकेल आपली!"

गाडी मिळाली. पण एकोणिसाव्या शतकात ज्या गावच्या व्यापाऱ्यांनी सगळ्या रशियाला चहा विकला, जे गाव स्वतःला चहाची राजधानी म्हणवतं, तिथून आम्ही घोटभर चहा न पिता निघालो. तो प्यायलो पर्मला, मशीनचा, भयंकर गोड.