तिसरा शनिवार

आजची पोराची भेट अकरा ते एक. साडेसहाच्या एसटीने अमरावतीला लवकरच पोचलो आणि टपरीवर चहा घेत बसून राहिलो. पुढची गाडी धरली तर अकरा हुकतात, अन् हुकलेली मिनिटं कोणी भरून देत नाही. इकडे वावरात कापसाची दुसरी वेचणी सुरू. आज बायांचं सगळं मायनंच पाहिलं.

कोर्टाच्या भेटीच्या खोलीत समुपदेशक मॅडम कोपऱ्यात बसतात. रजिस्टरात सही, आल्याची वेळ, मग आपण आणि आपलं पोरगं. पहिल्या भेटीला त्यांच्या पेनाकडे पाहून मी नुसता खांबासारखा बसलो होतो. स्वतःच्या लेकराचा मुका घ्यायचा तोही परक्या बाईसमोर! लई राग आला होता.

पण ही पाळी मीच आणली. आधी महिन्यातून दोनदा त्याला गावी आणायची मुभा होती. पोळ्याला आणला. दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा, लाकडी नंदी सजवून गडी गावभर फिरला, घरोघर मिळालेले बोजाऱ्याचे पैसे मुठीत घट्ट. त्याच संध्याकाळी त्याच्या आईकडे पोचवायचं होतं. मी पाच दिवस पोचवलं नाही, फोनही बंद ठेवला. पारावरचे सांगायचे, पोरगं पाचाचं झालं की बापाचं. श्रावणातच त्याला पाच पूर्ण झाली होती, मलाही ते पटवून घ्यायचंच होतं! पुढे वकिलांनी १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा वाचून दाखवला. पाच वर्षांच्या आतलं लेकरू साधारणपणे आईजवळ, एवढंच त्यात आहे. पाचानंतर आपोआप बापाकडे असं कुठंच नाही. लेकराचं हित आधी, बाकी सगळं मागून. पारावरचा एकही जण माझ्यासोबत तारखेला आला नाही, ते जाऊ द्या.

आज पिशवीत मायनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू होते आणि तोच नंदी. त्यानं नंदी फरशीवर ढकलला, पण मॅडमच्या टेबलाकडे. तासभर तिकडेच. माझ्याकडे यायला पावणेएक झाले. मांडीला टेकून हळूच म्हणाला, "बाबा, आज मले नेनार नाही ना?"

"नाही रे."

त्यानं मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, तेव्हा कुठं लाडवाला हात लावला. त्या बाई तिथं नसत्या तर तो माझ्या मांडीपर्यंत आलाच नसता, हे मला तेव्हा कळलं. ज्या नजरेचा मला राग, तिच्याच भरवशावर माझं लेकरू माझ्याजवळ बसतं.

एक वाजता त्याचा मामा दारात आला. जाताना पोरानं नंदी माझ्या पिशवीत टाकला. "चाक हालते याचं. नीट करून आना."

आत्ता रात्रीचे दहा वाजलेत. मागच्या चाकाला बाभळीची पाचर ठोकली. आता डुगडुगत नाही, पण जरा जड फिरतं. उद्या थोडं एरंडीचं तेल सोडून पाहतो.