ऐनाच्या झाडावरचा वळ

देवलापारच्या अलीकडे एका गावामागून जंगलाकडे पांदण जाते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. गेल्या जुलैत आम्ही तिथे चार फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या, गाड्या घेऊन गेलो होतो. यंदाच्या जुलैत मी पुन्हा गेलो, भाच्याला घेऊन.

भाचा बारा वर्षांचा. गेल्या वर्षीचा आमचा व्हिडिओ त्याने किती वेळा पाहिला असेल देव जाणे. एक गाडी चिखलात बसते, चाकं जागच्या जागी फिरतात, मग गाडीच्या विंचचा, म्हणजे ओढायच्या चरखीचा, दोर झाडाला बांधून ती ओढली जाते आणि वर आली की आम्ही सगळे ओरडतो. "मामा, मला तिथेच ने ना," हे वर्षभर चाललं होतं. शेवटी नेतो म्हटलं.

शनिवारी पहाटे नागपूरहून निघालो. देवलापार सुमारे ६५ किलोमीटर, सरळ ४४ नंबरच्या महामार्गाने. मनसरला पाऊस लागला, तिथेच तर्री-पोहे खाल्ले. बाकीचा दिवस रामटेकचा गड आणि खिंडसी तलावात गेला. गर्दी होती, फोटो झाले, संपलं.

लिहायचं आहे ते मुक्कामाच्या जागेबद्दल. फोनवर मी स्पष्ट विचारलं होतं की पावसाळ्यात जंगलाकडचा रस्ता चालू असतो का. "फोर बाय फोर आहे ना साहेब? मग काही टेन्शन नाही, आमच्या मागूनच रस्ता आहे," असं उत्तर मिळालं. एका रात्रीचे साडेचार हजार घेतले. पोहोचल्यावर तोच माणूस म्हणाला, गावकऱ्यांनी रस्त्यात काट्या टाकल्यात, तुम्ही बाजूच्या शेतातून काढा गाडी. बाजूच्या शेतातून! जुलै महिना, शेतात भाताची रोवणी चाललेली, आणि हा माणूस मला बांधीतून, म्हणजे भाताच्या खाचरातून, गाडी घालायला सांगतो. खोली ओलसर होती, चादरीला कुबट वास होता, पण माझा राग त्याचा नव्हता. पर्यटकाला खूश ठेवायचं म्हणून शेजाऱ्याच्या पिकाची किंमत शून्य धरायची, याला मी पाहुणचार म्हणत नाही.

रविवारी सकाळी आधी पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या सिल्लारी गेटवर गेलो. गेट बंद असणार हे मला माहीत होतं, पण भाच्याला ते बघायचं होतं. पेंचचं कोअर क्षेत्र, म्हणजे आतलं मुख्य जंगल, १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटनासाठी बंद असतं, ताडोब्याचंही तसंच. फाटक आडवं होतं. पलीकडे सागाची झाडं पांढऱ्या मोहोराने भरली होती. उन्हाळ्यात धुळीने तांबडा दिसणारा रस्ता आता दोन्ही बाजूंनी गवताने इतका आत आला होता की मधे जेमतेम एक पट्टा उरला होता. नाक्यावर गमबूट घातलेला एक गार्ड काठी टेकून उभा होता. भाच्याने विचारलं, वाघांची पिल्लं होतात म्हणून बंद ठेवता ना? मलाही इतकी वर्षं तसंच वाटायचं.

"वाघाला काय महिना लागते का बाळा? तो बाराही महिने," गार्ड म्हणाला. "बाकी लय जिवांचा हा मोसम हाय, ते खरं. पण पहिलं म्हणजे रस्ता. ओल्या रस्त्यावरून सफारीची एक जिप्सी गेली का दोन नाल्या पडते. दहा गेल्या का रस्ताच वाहून जाते. आम्ही बी आता पायीच फिरून राहिलो. गस्त चालूच हाय, उलट पावसाळ्यातच जास्त. शिकारी याच दिवसांत घुसते."

परत येताना महामार्गाखालचे ते भुयारी मार्ग भाच्याला दाखवले. महाराष्ट्रातल्या पेंचमधून जाणाऱ्या या पट्ट्यात प्राण्यांसाठी अशा ९ जागा आहेत, त्यातली सगळ्यात लांब ७५० मीटरची. वरून ट्रक जातात, खालून चितळ आणि वाघही. तो खिडकीला नाक लावून बसला. दिसलं काही नाही.

मग पांदणीवर गेलो.

तोंडाशीच बोरीच्या काट्या टाकलेल्या होत्या, चांगल्या छातीएवढ्या उंच, आणि त्या हलू नयेत म्हणून वर दगड. गाडी डांबरी रस्त्याच्या कडेला लावली आणि दोघं शेताच्या धुऱ्यावरून चालत आत गेलो. उजवीकडे बांध्यांमध्ये बाया वाकून रोवणी करत होत्या. एक माणूस डोक्यावरून पऱ्ह्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या आणून चिखलात टाकत होता. आम्हाला पाहून थांबला.

"कुठं जी?"

असंच, जंगलाच्या कडेपर्यंत, म्हटलं. त्याने पाय धुतले आणि आमच्यासोबत चालू लागला. बोलता बोलता कळलं, हा ऑक्टोबर ते जून जिप्सी चालवतो. तीन महिने गेट बंद, मग घरची दोन एकर धानाची शेती आणि दुसऱ्याकडे रोजी. "गेट बंद तं पैसा बंद. पण बंद पाहिजेच जी. नाहीतं ऑक्टोबरात आम्ही चालवू कायच्यावर?"

शंभरेक पावलांवर पांदण थोडी चढते. वर मुरूम आहे, खाली काळी माती. तिथे पोहोचलो आणि मला पुढचं काही सुचेना. गेल्या वर्षी जिथे आमची चाकं फिरली होती तिथे आता चाकोऱ्या नव्हत्या, नाल्या होत्या. डावीकडची माझ्या गुडघ्यापर्यंत खोल. तिच्या भिंतीतून झाडांची मुळं बाहेर आली होती, धुऊन पांढरी पडलेली. पावसाचं पाणी पूर्वी पांदणभर पसरून हळूहळू जिरायचं. आता ते सगळं या दोन नाल्यांत गोळा होऊन जोरात खाली येत होतं, आणि जिथे पांदण वळते तिथे वळत नव्हतं. सरळ पाळ फोडून त्याच्या बांधीत उतरत होतं. सोबत मुरूम घेऊन.

"हे पाहा," तो म्हणाला. बांधीच्या कोपऱ्यात, खाटेएवढ्या जागेत, लाल खडीचा थर पसरला होता. त्यातून रोपांचे शेंडे तेवढे वर दिसत होते. "दोनदा उपसलं. पाळ तीनदा बांधली. पाणी आलं का पुन्हा तेच. मागच्या पावसाळ्यात गाड्या आल्या होत्या मोठ्या. तवापासून."

ओल्या मातीवरून जड गाडी गेली की मातीतली हवेची जागा दाबून बंद होते. मग तिथे पाणी मुरत नाही, चाकाच्या वाटेनेच धावतं. पहिल्या वर्षी ती चाकोरी असते, दुसऱ्या वर्षी ओहळ होतो. हे मी आधी वाचलं होतं. एखाद्याच्या धानात उतरलेलं पाहिलं नव्हतं.

उजवीकडच्या चाकोरीत पाणी साचलेलं होतं. भाचा उकिडवा बसून पाहत होता. "मामा, हे बघ." पाण्यात काळ्या मण्यांची पारदर्शक दोऱ्यात ओवल्यासारखी लांब माळ होती, काडीला गुंडाळलेली. भेकाची अंडी. एका बाजूचे मणी फुटून बारीक काळी शेपटं वळवळत होती. आता तिथून एक चाक गेलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. गेल्या वर्षी त्या पाण्यात काय होतं ते आम्ही खाली वाकून पाहिलं नव्हतं.

मग भाचा उठला, चार पावलं पुढे गेला आणि ओरडला, "मामा! हेच ते झाड! याला बांधली होती ना तुम्ही विंच?"

ऐनाचं झाड होतं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी असते, चौकोनी खवल्यांची. कमरेच्या उंचीवर ती खवल्यांची रांग जवळजवळ पूर्ण गोल कापली गेली होती. वायर रोप सरळ खोडाला गुंडाळली होती आम्ही. रुंद पट्टा लावायला हवा होता, तो एका गाडीत होताही, पण पाऊस वाढत होता आणि घाई होती. वळाच्या कडेने झाडाने नवी साल आणायला सुरुवात केली होती. खालच्या बाजूला डिंकाचा वाळलेला काळा ओघळ. मी बोट फिरवलं, दोन पेरं आत गेलं.

तो माणूस माझ्याकडे पाहत होता. मी म्हटलं, हो दादा, त्या गाड्या आमच्या होत्या. पांढरी माझी.

तो लगेच काही बोलला नाही. बायांपैकी एकीने दुरून हाक मारली, पऱ्हे संपले म्हणून. त्याने हात वर करून येतो अशी खूण केली. मग मला म्हणाला, "गेटवर बंद असते हे तं माहीत होतं ना तुम्हाले?"

माहीत होतं. म्हणूनच आम्ही इकडे आलो होतो. खरी गोष्ट हीच आहे आणि ती मला लिहायची आहे. अभयारण्यात विनापरवाना शिरणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, राखीव वनात घुसणं १९२७ च्या वन कायद्याने. ते आम्हाला चांगलं ठाऊक होतं आणि आम्ही ते कधी मोडलं नाही, याचा अभिमानही होता. फाटक बंद झालं की नागपूरच्या फोर बाय फोरवाल्यांचा सगळा उत्साह फाटकाबाहेरच्या पांदणींवर येतो. तिथे बंदी नाही. माती तीच, उतार तोच, पाऊस तोच, फक्त पाटी नाही. आणि आत बंदी असल्याचा भार बाहेरची पांदण सोसते, जिचा मालक सगळं गाव असतं म्हणजे कोणीच नसतं, आणि जिच्या खालच्या टोकाला कोणाची तरी बांधी असते.

माझा मावसभाऊ अमेरिकेत कोलोराडोला असतो, त्यालाही गाड्यांचं वेड आहे. तिकडच्या राष्ट्रीय वनांत २००५ च्या नियमानंतर प्रत्येक वनाचा एक नकाशा निघतो, मोटर व्हेइकल यूज मॅप, फुकट मिळतो. कोणत्या वाटेवर कोणती गाडी चालेल, आणि मोसमी बंदी असेल तर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल, हे त्यावर छापलेलं असतं. जी वाट नकाशावर नाही ती गाडीसाठी बंद. बर्फ वितळून चिखल झाला की त्या वाटा बंद, हरणं हिवाळ्याला खाली उतरली की त्या भागातल्या बंद. तो वैतागतो त्या तारखांवर, पण पाळतो. आपल्याकडे बफरमधला, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातला, कोणता रस्ता पावसात उघडा, कोणता बंद, हे त्या त्या वर्षीच्या पावसावर आणि गेटवरच्या माणसाला विचारण्यावर आहे. आणि बफरच्याही बाहेरच्या पांदणीला विचारायचं कोणाला? गावकऱ्यांना, आणि ते आम्ही विचारलं नाही.

हे सगळं मी त्या शेतातल्या माणसाला नाही सांगितलं. नुकसान किती झालं ते विचारलं. पैसे द्यायला हात खिशाकडे गेला तर तो म्हणाला, "पैशानं मुरूम निघते का जी? बाया पाचच हायेत आज." तो पऱ्हे टाकायला गेला.

मी आणि भाचा थांबलो. जाताना त्याने एवढंच सांगितलं होतं की नालीत आडवे दगड टाकले तर पाणी थांबते, पण त्याला वेळ नाही. आम्ही दोन तास दगड वेचून आणले. मधे एका बाईने हाक मारून धुऱ्यावर कोरा चहा दिला, आलं घातलेला, खूप गोड. तिने काही विचारलं नाही. सहा ठिकाणी दगडांच्या आडव्या ओळी झाल्या. तेवढ्यात सर आली आणि वरच्या दोन ओळींमागे पाणी तुंबून गढूळ फेस जमला. तिसरी ओळ बाजूने फुटली. त्याने लांबूनच ओरडून सांगितलं की कडेचे दगड मातीत रोवायचे असतात, नुसते ठेवायचे नसतात. तिसरी पुन्हा लावली. भेकांच्या चाकोरीला हात लावायचा नाही, असं भाच्याने आधीच ठरवून टाकलं होतं.

निघताना तो गाडीपर्यंत आला. बोलता बोलता गोठणगावचा विषय निघाला. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या गोठणगाव भागात जिप्सींनी वाघीण आणि तिची पाच पिल्लं अडवली होती, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइड निलंबित झाले. "चुकलेच होते ते," तो म्हणाला. "पण आमचा नंबर असते ना गाडीवर, रजिस्टरात नाव असते. तुमची गाडी इथं आली याची नोंद कुठं हाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोंद होती, एकच. रात्री नागपूरला पोहोचल्यावर तो व्हिडिओ मी काढून टाकला. वर्णनात गावाचं नाव आणि पांदणीचं लोकेशनही दिलं होतं मी, आणि खाली निदान वीस जणांनी रस्ता विचारला होता. प्रत्येकाला मीच सांगितला होता. त्यांच्यापैकी ज्यांचा संपर्क सापडला त्यांना सोमवारी कळवलं की जून ते सप्टेंबर तिकडे जाऊ नका, गावाने काट्या टाकल्यात, आणि काट्या का टाकल्या तेही.

बाकी तीन गाडीवाल्यांपैकी एकाने लगेच व्हिडिओ काढला. दुसऱ्याने फोन उचलला नाही. तिसरा म्हणाला, अरे त्यावर चांगले व्ह्यूज आहेत, आणि रस्ता तर सरकारी आहे. त्याला मी ऐनाच्या वळाचा फोटो पाठवला आहे. निळ्या खुणा दिसतात, म्हणजे पाहिलाय त्याने. उद्या पुन्हा फोन करतो.