टॉप व्हेरियंटमधल्या एडाससाठी दीड-दोन लाख जास्त मोजावेत का?

गाडी घ्यायला गेलं की हल्ली सेल्समनचं बोलणं सनरूफवरून थेट एडासवर, म्हणजे कॅमेरा आणि रडारच्या आधारे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणेवर येतं. "लेव्हल २ आहे सर, गाडी स्वतः चालते." तशी ती चालत नाही. लेव्हल २ म्हणजे गाडी वेग आणि स्टिअरिंग दोन्हींत मदत करते, पण रस्त्यावर नजर ठेवण्याचं काम पूर्णवेळ ड्रायव्हरचंच. धडक झाली तर जबाबदारीही त्याचीच.

माझं मत आधीच सांगतो. एडासच्या पॅकेजमध्ये आपोआप लागणारा ब्रेक आणि मागच्या कोपऱ्यांतले रडार यांच्यासाठी पैसे मोजावेत. लेनमध्ये स्टिअरिंग फिरवणाऱ्या सोयीसाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

याला आधार आहे. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने विम्याच्या आणि पोलिसांच्या नोंदी तपासून वर्षानुवर्षं हे मोजलं आहे. आपोआप ब्रेक असलेल्या गाड्यांत पुढच्या वाहनाला मागून ठोकण्याचे अपघात साधारण निम्म्याने कमी झाले. ब्लाइंड स्पॉटच्या, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या भागातल्या वाहनाच्या इशाऱ्याने लेन बदलतानाचे अपघात सुमारे १४ टक्क्यांनी घटले, आणि रिव्हर्स घेताना बाजूने येणाऱ्या वाहनाचा इशारा देणाऱ्या यंत्रणेने मागे घेतानाचे अपघात सुमारे २२ टक्क्यांनी. मात्र वेग आणि लेन दोन्ही सांभाळणाऱ्या अर्धस्वयंचलित यंत्रणेने अपघात कमी होतात, असा भरवशाचा पुरावा त्याच संस्थेला २०२४ पर्यंत सापडला नव्हता. आकडे तिथल्या रस्त्यांचे आहेत, आपल्याकडे टक्केवारी वेगळी निघेल. पण जीव ब्रेक वाचवतो आणि स्टिअरिंगची मदत ही आरामाची गोष्ट आहे, हा क्रम इथे बदलण्याचं कारण मला दिसत नाही.

आता पैशांचं. एक्स-शोरूम फरकावर निर्णय घेऊ नका. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२ टक्के आणि २० लाखांच्या वर १३ टक्के रोड टॅक्स आहे. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. समजा मधलं व्हेरियंट १८.७० लाखांचं आणि एडासवालं २०.३० लाखांचं. पहिल्याचा टॅक्स २,२४,४००, दुसऱ्याचा २,६३,९००. म्हणजे १.६० लाखांचा फरक विमा धरण्याआधीच जवळपास दोन लाख झाला. वरच्या टप्प्याचा दर पूर्ण किमतीवर लागतो, म्हणून २० लाखांच्या आसपासच्या गाड्यांत हे गणित कागदावर मांडूनच पुढे जा. शिवाय या दोन लाखांत एडास एकटं येत नाही. थंड हवेच्या सीट, मोठे स्पीकर, पॅनोरमिक सनरूफ असं सगळं सोबत येतं. त्यातलं जे तुम्ही एरवीही घेतलं असतं ते वजा करा. उरेल ती एडासची खरी किंमत.

दोन गाड्यांच्या ब्रोशरमध्ये "लेव्हल २" सारखंच छापलेलं असलं तरी आतली यंत्रणा एकसारखी नसते. होंडाची सिटी, एलिव्हेट आणि अमेझ फक्त काचेमागच्या कॅमेऱ्यावर चालतात. क्रेटा आणि सेल्टॉसमध्ये कॅमेऱ्याच्या जोडीला पुढे रडार आणि मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रडार असतात. कॅमेरा लेनच्या रेषा, माणूस, दुचाकी ओळखतो. रडार अंतर आणि वेगातला फरक नेमका मोजतं, अंधारात आणि पावसात टिकतं. आंबेनळी घाटातल्या धुक्यात कॅमेऱ्याला माणसाइतकंच कमी दिसतं. ब्लाइंड स्पॉटच्या नावाखालीही दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकीत आरशाखालचा कॅमेरा इंडिकेटर दिल्यावर स्क्रीनवर चित्र दाखवतो, दुसरीत रडार स्वतःहून आरशात दिवा लावतं. चित्र बघायला नजर रस्त्यावरून काढावी लागते. पैसे रडारवालीला द्यावेत.

गिअरबॉक्सही बघा. ॲडॅप्टिव्ह क्रूझ म्हणजे पुढच्या गाडीमागे अंतर राखत वेग कमीजास्त करणारी सोय. ऑटोमॅटिक गाड्यांपैकी काहींत ती गाडी पूर्ण थांबवून पुन्हा निघते, काहींत ठरावीक वेगाखाली सुटते. मॅन्युअलमध्ये क्लच तुमच्या पायाखाली असल्यामुळे ट्रॅफिकमध्ये तिचा उपयोग जवळजवळ नाहीच. चाकणच्या कोंडीत रोज दीड तास अडकणाऱ्याने मॅन्युअल गाडीत एडास घेतलं तरी कोंडीतला त्रास कमी होणार नाही.

रस्त्यानुसार हिशेब पार बदलतो. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर, १२० ची मर्यादा, स्पष्ट रेषा, समोरून येणारं वाहन नाही: एडास अशाच रस्त्यासाठी बनलेलं आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेचा सपाट भागही तसाच. १०० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, म्हणजे दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं तर पुढे ५६ मीटर मोकळे हवेत. क्रूझमधलं अंतर साधारण तीन-चार टप्प्यांत बदलता येतं. सर्वात कमी टप्पा लावला की मध्ये कुणी घुसत नाही, म्हणून बरेचजण तोच ठेवतात. असं करू नका, विशेषतः पावसात. मध्ये गाडी घुसली तर क्रूझ वेग कमी करून पुन्हा अंतर धरतं, तेवढं होऊ द्यावं.

बोरघाट आला की क्रूझ बंद करायचं. वळणावर पुढची गाडी रडारच्या झोतातून बाजूला जाते, रस्ता मोकळा झाला असं यंत्रणेला वाटतं आणि ती तुम्ही आधी लावलेल्या वेगाकडे धावू लागते. उतारावर वेग धरून ठेवायला ती बहुतेक गाड्यांत चाकांचे ब्रेक वापरते, त्यामुळे ते तापतात. घाट उतरताना खालचा गिअर हवा, तो तुम्हीच टाकायचा.

राज्य महामार्गांवर आणि तालुक्याच्या रस्त्यांवर लेन असिस्ट, म्हणजे लेनमध्ये राहायला स्टिअरिंग फिरवणारी सोय, मी तरी बंदच ठेवेन. रेषा पुसट झालेल्या, डांबराचे जोड रेषेसारखे दिसणारे, खड्डा चुकवायला दर दोन मिनिटांनी बाजूला जावं लागणारं. तिथे स्टिअरिंग उलट ओढलं जातं आणि ड्रायव्हर गोंधळतो. इंडिकेटर न देता खड्डा चुकवला की यंत्रणा समजते तुम्ही लेन सोडताय.

पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात गळिताच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, रात्री गाडी चालवणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर लोंबणारा ऊस, मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर त्याखाली झाकलेला. कॅमेरा ओळखतो तो वाहनाच्या पाठीचा आकार आणि दिवे, आणि इथे दोन्ही दिसत नाहीत. ट्रॉली पंक्चर होऊन कडेला उभी असेल तर आणखी अवघड. रस्त्यावरच्या कमानी, पाट्या, पुलाचे कठडे यांना घाबरून गाडीने सारखे ब्रेक मारू नयेत म्हणून जास्त वेगात स्थिर वस्तूंकडे बऱ्याच यंत्रणा कमी लक्ष देतात. गाडीच्या माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं असतं: उभ्या वाहनासाठी ब्रेक लागेलच असं नाही. तुमचा रात्रीचा प्रवास बहुतांश अशा रस्त्यांवर असेल तर एडासचे पैसे चांगल्या हेडलाइटच्या व्हेरियंटवर आणि टायरवर खर्च करा.

खरेदीनंतरचा खर्च शोरूममध्ये कुणी सांगत नाही. कॅमेरा पुढच्या काचेला आतून, आरशाच्या मागे बसवलेला असतो. खडीच्या डंपरमागून उडालेल्या दगडाने काच गेली की नुसती काच बदलून भागत नाही, कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावा, म्हणजे त्याची नजर नेमकी जुळवावी लागते. सपाट जमीन, टायरमध्ये नेमकी हवा, डिकी रिकामी, गाडीच्या मध्यरेषेवर ठरलेल्या अंतरावर ठोकळ्यांच्या नक्षीचा बोर्ड, आणि कंपनीच्या स्कॅनरने जुळवणी. काही गाड्यांत हे रेषा असलेल्या रस्त्यावर गाडी चालवून होतं, काहींत दोन्ही लागतं. एवढा खटाटोप का, तर कॅमेरा फक्त एक अंश तिरका बसला तरी १०० मीटरवर त्याची नजर १.७५ मीटर सरकते. आपली लेन साडेतीन मीटरची. म्हणजे अर्धी लेन चुकली, शेजारच्या लेनमधला ट्रक तुमच्यासमोर आहे असं गाडीला वाटू शकतं आणि ती मोकळ्या रस्त्यात ब्रेक मारते. म्हणून काच कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटसह, त्याच मॉडेलसाठीची घ्या आणि कॅलिब्रेशनचा छापील रिपोर्ट मागा. बाहेरच्या काचवाल्याकडे स्वस्तात बदलून घेतली आणि डॅशबोर्डवर दिवा लागला नाही, एवढ्यावर विसंबू नका. दिवा न लागताही कॅमेरा तिरका असू शकतो.

विमा घेताना झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांवर घसारा न कापणारं कव्हर, घ्याच. साध्या पॉलिसीत काचेवर घसारा धरत नाहीत, पण बंपरसारख्या प्लास्टिकवर ५० टक्के कापतात, आणि रडार त्याच बंपरमागे असतं. कॅलिब्रेशनची मजुरी क्लेममध्ये धरणार का, हे विमा कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या.

काचेमागच्या कॅमेऱ्यासारखंच पुढच्या रडारलाही जपावं लागतं. ते ग्रिलमागे, लोगोमागे किंवा खालच्या जाळीत असतं. त्यावर क्रोमची पट्टी, जाड स्टिकर, फॅन्सी नंबरप्लेटची फ्रेम लावू नका. बंपर पुन्हा रंगवताना रडारसमोरच्या भागावर पुट्टीचा थर चढला तर लहरी अडतात. दसऱ्याला झेंडूचं तोरण ग्रिलवर बांधतो ते रडारच्या जागेवरून जाणार नाही असं बांधा, आणि निघण्याआधी काढा. कोकणातून आल्यावर लाल चिखल तिथे थापलेला असतो, तो ओल्या फडक्याने पुसा. प्रेशर वॉशरचा झोत जवळून मारू नका. डॅशकॅम कॅमेऱ्याच्या नजरेत येणार नाही असा बाजूला लावा. व्हील अलाइनमेंट बिघडलं असेल तर लेन असिस्ट सतत एका बाजूला ओढतं. तेव्हा दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधण्याआधी अलाइनमेंट करून घ्या.

शहरात आपोआप ब्रेक त्रास देतो म्हणून तो कायमचा बंद करणारे भेटतात. रिक्षा कट मारून आत येते, गाडी ब्रेक मारते, मागची दुचाकी आदळायची भीती वाटते. हे खरं आहे. पण उपाय सेटिंगमध्ये आहे: ड्रायव्हर असिस्टन्सच्या मेनूत धडकेच्या इशाऱ्याची वेळ "लेट" करा, लेन असिस्ट बंद करा, ब्रेक मात्र चालू ठेवा. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करून चालू केलं की काही सेटिंग मूळ पदावर येतात, म्हणून आपल्या गाडीत काय टिकतं ते एकदा तपासा. स्टिअरिंगवर हात आहेत असं भासवायला पाण्याची बाटली अडकवणं हा गुन्ह्याइतकाच गंभीर प्रकार आहे, आणि शेजारी बसलेल्याने तो खपवून घेऊ नये.

नुसत्या सॉफ्टवेअरसाठी वेगळे पैसे घेण्याचं उदाहरण म्हणजे टेस्ला. जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीत दुकान उघडलं तेव्हा मॉडेल वाय ५९.८९ लाखांपासून होती आणि फुल सेल्फ ड्रायव्हिंग या गाडी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे ६ लाख वेगळे. ती यंत्रणा तेव्हा भारतातल्या रस्त्यांवर चालू नव्हती. पुढे कधीतरी मिळेल त्याचे पैसे आज देणं मला अजिबात पटत नाही. अमेरिकेत याच सॉफ्टवेअरची किंमत सप्टेंबर २०२२ मध्ये १५,००० डॉलर होती आणि एप्रिल २०२४ मध्ये ८,००० वर आली. त्याच महिन्यात मासिक भाडं १९९ वरून ९९ डॉलर झालं. ८,००० भागिले ९९ म्हणजे जवळपास ८१ महिने, पावणेसात वर्षं. तोवर गाडीतला संगणकच जुना होतो: तिसऱ्या पिढीचा संगणक असलेल्या ज्या गाड्यांसाठी हे सॉफ्टवेअर विकत घेतलं गेलं त्यांचा संगणक बदलावा लागेल, असं इलॉन मस्क यांनीच जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या आपल्या माणसांना माझा सल्ला एकच असतो. लांबच्या प्रवासाचा महिना असेल तेव्हा भाड्याने घ्या, नंतर बंद करा. आणि तिथेही त्याच्या नावापुढे कंसात "सुपरवाइज्ड" आहे, म्हणजे डोळे रस्त्यावरच हवेत.

दर आठवड्याला पुणे-मुंबई किंवा महिन्यातून दोनदा नागपूर करत असाल, गाडी सात-आठ वर्षं ठेवणार असाल आणि पॅकेजमध्ये मागचे रडार असतील, तर दीड-दोन लाख द्या. गाडी शहराबाहेर फारशी जात नसेल तर मधलं व्हेरियंट घ्या, फक्त त्यात सहा एअरबॅग आणि घसरती गाडी सावरणारी ईएससी आहेत हे बघा. एडास हवंच पण बजेट ताणलेलं असेल तर मोठ्या गाडीचं मधलं व्हेरियंट आणि लहान गाडीचं टॉप व्हेरियंट शेजारी ठेवून बघा. अमेझसारख्या लहान सेडानमध्येही आता ही यंत्रणा मिळते.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या मागच्या गल्लीत घेऊ नका, हायवेवर न्या, शक्यतो संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी. क्रूझ ८० ला लावा आणि पुढची गाडी हळू झाली की ब्रेक मऊ लागतो की दचकवतो ते अनुभवा. पुढची गाडी पूर्ण थांबली की आपली थांबते का, आणि पुन्हा निघायला बटण दाबावं लागतं की ॲक्सिलरेटर, तेही बघा. त्यावेळी पाय ब्रेकवर तयार ठेवा. आपोआप ब्रेकची परीक्षा मात्र कधीही घेऊ नका, ना खोक्यावर, ना माणसावर. बुकिंग करताना पुढची काच आणि पुढचं रडार यांच्या किमती पार्ट नंबरसकट लिहून घ्या, आणि कॅलिब्रेशनचं साहित्य त्याच वर्कशॉपमध्ये आहे की गाडी दुसऱ्या शहरात पाठवावी लागेल, हे सर्व्हिस ॲडव्हायझरला विचारा.