एक ना धड, भाराभर चिंध्या?

‘एवढी वाद्यं कशाला वाजवता?’ असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कार्यक्रम संपला की कुणीतरी जवळ येतं, स्टँडवरच्या फ्लूट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनकडे बघतं आणि अगदी काळजीने म्हणतं, ‘‘अहो, एकच वाद्य धरलं असतंत तर कुठल्या कुठे गेला असतात!’’ एक ना धड भाराभर चिंध्या, ही म्हण त्यांच्या मनात असते.

मला अशा वेळी अमेरिकन जॅझवादक एरिक डॉल्फी आठवतो.

लॉस एंजेलिसमध्ये १९२८ साली जन्मलेला हा माणूस आल्टो सॅक्सोफोन, फ्लूट आणि बास क्लॅरिनेट, म्हणजे खर्जातलं लांब क्लॅरिनेट, वाजवायचा, आणि त्यातलं एकही तोंडी लावण्यापुरतं नाही. तिन्ही फुंकीचीच वाद्यं, पण शरीराला ती तीन वेगळी कामं आहेत. फ्लूटला रीड, म्हणजे फुंकरीने थरथरणारी पातळ पट्टी, नसते; ओठांनी हवेची धार छिद्राच्या कडेवर सोडायची. सॅक्सोफोनवर अंगठ्याची कळ दाबली की ‘सा’चा वरचा ‘सा’ होतो. क्लॅरिनेटवर तशीच कळ दाबली तर वरच्या सप्तकातला पंचम येतो! बोटांनी शिकलेलं अर्धं तिथे विसरावं लागतं. त्यातून बास क्लॅरिनेट हे काही तेव्हा जॅझमध्ये पुढे उभं राहून बोलणारं वाद्य नव्हतं. तो मान त्याला डॉल्फीने मिळवून दिला.

१९६१ साली कोपनहेगनला त्याने गायिका बिली हॉलिडेचं ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ हे गाणं नुसत्या बास क्लॅरिनेटवर वाजवलं. ना ड्रम, ना पियानो. खर्जातून सूर उसळतात, भराभर वर चढतात, पुन्हा खाली कोसळतात, आणि मूळ चाल मध्येच दोन-चार सुरांपुरती दिसून जाते. मी ते ऐकून उतरवायला बसलो तेव्हा पहिल्या मिनिटालाच आठवडा गेला. मग सॅक्सोफोनवर वाजवून पाहिलं, तर खर्ज आणि तार यांच्यातली ती दरीच नाहीशी झाली. ते संगीत त्या लांब नळीच्या पोटातूनच निघतं.

फ्लूट तो पक्ष्यांच्या आवाजाबरोबर वाजवायचा. पक्षी दोन सुरांच्या मधले सूर गातात, भारतीय संगीतातही तसंच काहीतरी आहे, असं त्याने म्हटलं होतं. आपण जिला श्रुती म्हणतो, तिकडे त्याचा कान लागला होता.

दिवस मात्र फार थोडे मिळाले. न्यू यॉर्कला बस्तान हलवलं तेव्हा तिशी उलटलेली. चार्ल्स मिंगस आणि जॉन कोल्ट्रेन या जॅझमधल्या बड्या वादकांबरोबर वाजवलं, तर समीक्षकांनी ‘हे जॅझच्या विरोधात आहे’ म्हणून झोडपलं. फेब्रुवारी १९६४ मध्ये ‘आउट टू लंच’ हा त्याचा अल्बम मुद्रित झाला, त्यातल्या पाचही रचना त्याच्या स्वतःच्या. जूनअखेर पश्चिम बर्लिनमध्ये तो मधुमेहाने गेला. निदानच झालं नव्हतं. वय ३६. पुढे त्याच्या आईने त्याची फ्लूट आणि बास क्लॅरिनेट कोल्ट्रेनला देऊन टाकली.

मी रोज सकाळी आधी फ्लूट घेतो, ओठ ताजे असतात तोवर. रीडची वाद्यं त्यानंतर.